राउटरवरील व्हीपीएन आणि टनेलिंग पद्धती

आभासी खासगी जाळे किंवा व्हीपीएन म्हणजे इंटरनेटसारख्या सामायिक जाळ्यावरून दोन किंवा अधिक ठिकाणे अशा रीतीने जोडण्याची व्यवस्था, की त्या ठिकाणच्या संगणकांना आपण एकाच बंदिस्त जाळ्यात असल्याप्रमाणे परस्परांशी संपर्क साधता यावा. राउटरवर ही व्यवस्था प्रामुख्याने टनेलिंगच्या, म्हणजे बोगदा काढण्याच्या तंत्राने उभी राहते. एका पॅकेटवर दुसऱ्या पॅकेटचे वेष्टन चढवून ते पलीकडच्या राउटरकडे पाठवले जाते. तेथे वेष्टन उतरवले जाते आणि मूळ पॅकेट आपल्या मुक्कामाकडे मार्गस्थ होते. वेष्टन चढवणे आणि मजकूर कूटबद्ध करणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. काही पद्धतींत दोन्ही असतात, काहींत केवळ पहिली असते. व्हीपीएनच्या प्रकारांमधील सर्वांत महत्त्वाचा भेद हाच असून सर्वाधिक गैरसमजही याच मुद्द्यावर आढळतात.

संकल्पना

समजा, एका सहकारी बँकेचे मुख्यालय पुण्यात आणि शाखा कोल्हापुरात आहे. मुख्यालयातील संगणकांचे पत्ते १०.१.०.० या मालिकेतील, तर शाखेतील पत्ते १०.२.०.० या मालिकेतील आहेत. हे पत्ते १९९६ साली आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या गटातील असल्यामुळे इंटरनेटवरील कोणताही राउटर त्यांच्याकडे जाणारे पॅकेट पुढे नेत नाही. मात्र दोन्ही ठिकाणच्या राउटरांना इंटरनेट सेवादात्याने दिलेले सार्वजनिक पत्ते असतात. कोल्हापूरचा राउटर शाखेतून आलेले पॅकेट जसेच्या तसे एका नव्या पॅकेटच्या पोटात घालतो आणि त्यावर पाठवणारा म्हणून स्वतःचा व घेणारा म्हणून पुण्याच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता लिहितो. वाटेतील राउटर फक्त बाहेरचा पत्ता वाचतात. टपालाच्या एका पाकिटात पत्ता लिहिलेले दुसरे पाकीट घालून पाठवावे, तसाच हा प्रकार होय.

या उदाहरणात आतील पाकीट कोणी उघडून वाचू शकणार नाही, याची हमी अद्याप कोठेही मिळालेली नाही. ती हमी कूटबद्धीकरणाने, म्हणजे एन्क्रिप्शनने येते. ‘खासगी’ या शब्दाचे येथे दोन अर्थ संभवतात. एका अर्थाने जाळे खासगी असते, कारण त्याचे पत्ते व मार्ग इतरांपासून वेगळे ठेवलेले असतात. दुसऱ्या अर्थाने ते खासगी असते, कारण त्यातील मजकूर इतरांना वाचता येत नाही. व्हीपीएन हा शब्द रूढ झाला तेव्हा पहिला अर्थ प्रधान होता; सामान्य वापरकर्त्याच्या मनात आज दुसरा अर्थ असतो.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकापर्यंत मोठ्या संस्था आपली कार्यालये दूरसंचार कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र वाहिन्यांनी जोडत. अशा लीज्ड लाइनचे भाडे अंतरानुसार वाढत असल्याने तिचा खर्च लहान संस्थांच्या आवाक्याबाहेरचा होता. फ्रेम रिले व एटीएम या तंत्रांनी कंपनीच्या एकाच सामायिक जाळ्यावर प्रत्येक ग्राहकासाठी आभासी वाहिन्या आखून खर्च कमी केला. वाहिनी खरी नव्हती, पण ग्राहकाला ती तशी भासत असे. ‘आभासी’ हे विशेषण याच काळातले. इंटरनेट स्वस्त व सर्वत्र उपलब्ध होऊ लागल्यावर हेच काम त्याच्यावरून करून घ्यावे, या विचारातून आजच्या बहुतेक पद्धती जन्मल्या. त्यांपैकी अनेकींची वैशिष्ट्ये १९९४ ते २००० या काळात इंटरनेट अभियांत्रिकी कृतिदलाच्या, म्हणजे आयईटीएफच्या, आरएफसी नावाच्या दस्तऐवजांतून प्रसिद्ध झाली.

साधे बोगदे : जीआरई आणि आयपी-इन-आयपी

सर्वांत साधी पद्धत आयपी-इन-आयपी ही होय. १९९६ च्या आरएफसी २००३ मध्ये तिचे वर्णन आहे. मूळ आयपी पॅकेटच्या पुढे २० बाइटांचा आणखी एक आयपी हेडर जोडला जातो, एवढेच. आयपीच्या चौथ्या आवृत्तीवरून सहाव्या आवृत्तीची पॅकेटे नेण्यासाठी वापरला जाणारा ६-इन-४ हा बोगदा याच कुळातील आहे. ज्या सेवादात्याकडे नवी आवृत्ती उपलब्ध नाही, त्याच्या ग्राहकालाही या मार्गाने ती वापरता येते.

जीआरई, म्हणजे जेनेरिक राउटिंग एन्कॅप्सुलेशन, ही पद्धत सिस्को कंपनीत विकसित झाली आणि १९९४ मध्ये आरएफसी १७०१ द्वारे प्रसिद्ध झाली; आज प्रचलित असलेले तिचे सुटसुटीत रूप २००० च्या आरएफसी २७८४ मधील आहे. बाहेरचा आयपी हेडर आणि आतील पॅकेट यांच्या मध्ये किमान ४ बाइटांचा जीआरई हेडर असतो. आत कोणत्या प्रकारचे पॅकेट आहे, हे तो सांगतो. त्यामुळे केवळ आयपीच नव्हे, तर त्या काळी प्रचारात असलेले आयपीएक्स व ॲपलटॉक यांसारखे प्रोटोकॉलही एकाच बोगद्यातून नेता येत. जीआरईचे आजचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. ओएसपीएफसारखे राउटिंग प्रोटोकॉल एकाच वेळी अनेक राउटरांना उद्देशून बहुप्रेषण पद्धतीने ‘हॅलो’ संदेश पाठवतात. ओएसपीएफचे हे संदेश २२४.०.०.५ या पत्त्यावर जातात. सर्वसाधारण इंटरनेटवरून असे संदेश जात नाहीत, परंतु जीआरईच्या बोगद्यातून जातात. म्हणून दूरचे दोन राउटर जणू शेजारी असल्याप्रमाणे आपापले मार्ग एकमेकांना कळवू शकतात.

राउटरच्या दृष्टीने बोगदा हे एक आभासी इंटरफेस असते. त्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो आणि मार्गसारणीत इतर इंटरफेसांप्रमाणेच त्याचा उल्लेख येतो. यातूनच एक नेहमीचा बिघाड उद्भवतो. पलीकडच्या राउटरच्या सार्वजनिक पत्त्याकडे जाण्याचा मार्ग चुकून बोगद्यातूनच शिकला गेला, तर बोगद्याकडे पोहोचण्यासाठी बोगद्यातूनच जावे लागेल अशी परिस्थिती निर्माण होते. राउटर हे ओळखून बोगदा बंद करतो. बंद होताच तो मार्ग सारणीतून नाहीसा होतो, जुना मार्ग परत येतो, बोगदा पुन्हा सुरू होतो आणि तीच चूक पुन्हा घडते. हे चक्र चालू राहिले की बोगदा सतत चालू-बंद होताना दिसतो. त्यावर उपाय साधा आहे : बोगद्याच्या टोकाचा पत्ता गाठण्यासाठी स्वतंत्र स्थिर मार्ग द्यावा, अथवा तो पत्ता बोगद्यातून जाहीर होणार नाही अशी गाळणी लावावी.

जीआरईमध्ये कूटबद्धीकरण नाही. २००० सालच्या आरएफसी २८९० ने तिच्या हेडरात ‘की’ नावाचा एक वैकल्पिक रकाना घातला, पण तो कुलपाच्या किल्लीसारखा नाही. समान टोके असलेल्या दोन बोगद्यांतील वाहतूक वेगळी ओळखण्यापुरताच त्याचा उपयोग असून तो उघड्या स्वरूपात पाठवला जातो. या नावामुळे विद्यार्थ्यांची वारंवार फसगत होते.

आयपीसेक

आयपीसेक हा आयपी पॅकेटांना सुरक्षितता देणाऱ्या प्रोटोकॉलांचा संच आहे. त्याची पहिली आवृत्ती ऑगस्ट १९९५ मध्ये, दुसरी १९९८ मध्ये आणि सध्याची मूलभूत रचना डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४३०१ द्वारे प्रसिद्ध झाली. त्यातील एएच हा घटक पॅकेटमध्ये वाटेत बदल झालेला नाही याची खातरजमा करतो, मजकूर मात्र झाकत नाही. ईएसपी हा घटक मजकूर कूटबद्धही करतो. व्यवहारात जवळजवळ सर्वत्र ईएसपी वापरला जातो.

ईएसपी दोन प्रकारे चालतो. टनेल मोडमध्ये संपूर्ण मूळ पॅकेट, पत्त्यांसह, कूटबद्ध होते व बाहेर नवा हेडर लागतो. दोन कार्यालयांचे राउटर जोडताना हा मोड वापरतात. ट्रान्सपोर्ट मोडमध्ये मूळ हेडर तसाच राहून फक्त आतील मजकूर झाकला जातो.

कूटबद्धीकरणासाठी दोन्ही राउटरांकडे समान गुप्त किल्ली असावी लागते आणि ती उघड्या जाळ्यावरून ठरवावी लागते. हे काम आयकेई हा प्रोटोकॉल डिफी-हेलमन या गणिती पद्धतीने करतो. ज्याच्याशी किल्ली ठरवली तो खरोखरच पलीकडचा राउटर आहे, हे पूर्वनियोजित परवलीच्या शब्दाने किंवा डिजिटल प्रमाणपत्राने पडताळले जाते. आयकेईची पहिली आवृत्ती १९९८ ची असून दुसरी २००५ मध्ये आली. पहिल्या आवृत्तीतील ॲग्रेसिव्ह मोड परवलीच्या शब्दासह वापरल्यास त्या शब्दावर आधारित हॅश उघडपणे पाठवला जातो. तो मिळवून हल्लेखोर आपल्या सवडीने शब्दाचा अंदाज बांधत बसू शकतो. २०१५ मध्ये लॉगजॅम या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवले की, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एकाच १०२४ बिटी मूळ संख्येवर आधारलेली देवाणघेवाण पुरेशी साधनसामग्री असलेल्या सरकारी यंत्रणेच्या आवाक्यात असू शकते. म्हणून आता किमान २०४८ बिटांचा गट किंवा लंबवर्तुळी वक्रांवर आधारित पद्धती वापरण्याची शिफारस केली जाते. जुन्या राउटरांवर मात्र दशकापूर्वीची मांडणी ‘चालते आहे’ या एकाच कारणासाठी तशीच ठेवलेली आढळते.

आयपीसेकची रचना होत असतानाच इंटरनेटवर पत्ता-बदल करणाऱ्या नॅट या तंत्राचा प्रसार झाला आणि दोहोंचे जमेना. एएच हा घटक बाहेरील हेडरातील पत्त्यांवरही शिक्का मारतो. नॅटने पत्ता बदलताच शिक्का खोटा ठरतो. ईएसपीला पोर्ट क्रमांक नसल्यामुळे एकाच सार्वजनिक पत्त्यामागील अनेक संगणकांत त्याची वाटणी कशी करावी, हे नॅटला समजत नाही. जानेवारी २००५ मधील आरएफसी ३९४७ व ३९४८ यांनी यावर तोडगा दिला : वाटेत नॅट आढळल्यास ईएसपीचे पॅकेट यूडीपीच्या वेष्टनात घालून ४५०० या पोर्टवरून पाठवावे. भारतात अनेक घरगुती व मोबाइल जोडण्या सेवादात्याच्या मोठ्या नॅटमागे असतात. राउटरच्या बाहेरील बाजूस १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा हीच स्थिती असते. असा राउटर स्वतःहून बोगदा सुरू करू शकतो. बाहेरून येणारी हाक मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे निदान एका टोकाला खरा सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो.

जीआरई आणि आयपीसेक यांचा जोड

पारंपरिक धोरणाधारित आयपीसेक केवळ एकास-एक आयपी वाहतूक ओळखतो. बहुप्रेषण संदेश त्यातून जात नाहीत. जीआरई सर्व प्रकारची वाहतूक नेतो, पण झाकत नाही. तेव्हा आधी जीआरईचे वेष्टन चढवून नंतर ते आयपीसेकने कूटबद्ध करणे, ही राउटरांवरील सर्वाधिक प्रचलित मांडणींपैकी एक ठरली. येथे जीआरईने नवा बाहेरील हेडर आधीच दिलेला असल्यामुळे आयपीसेक ट्रान्सपोर्ट मोडमध्ये चालवून प्रत्येक पॅकेटमागे २० बाइट वाचवता येतात. अलीकडील राउटरांवर जीआरईविना थेट आयपीसेकचे आभासी इंटरफेस तयार करण्याची सोय असते आणि तिच्यामुळे हा जोड अनेक ठिकाणी अनावश्यक झाला आहे.

शाखांची संख्या वाढली की आणखी एक अडचण येते. प्रत्येक शाखा दुसऱ्या प्रत्येक शाखेशी थेट जोडायची असेल, तर ५० राउटरांसाठी १,२२५ बोगदे हाताने मांडावे लागतील. सर्व वाहतूक मुख्यालयातून वळवली तर बोगदे ४९ पुरतात. परंतु साताऱ्याहून सांगलीला जाणारा दूरध्वनी संवादही मुंबईला वळसा घालून जातो. सिस्कोच्या डीएमव्हीपीएन या मांडणीत प्रत्येक शाखा फक्त मुख्यालयाशी कायमचा बोगदा ठेवते. एखाद्या शाखेला दुसरीशी बोलायचे असल्यास ती एनएचआरपी या प्रोटोकॉलद्वारे मुख्यालयाला तिचा चालू सार्वजनिक पत्ता विचारते आणि दोघींमध्ये तात्पुरता थेट बोगदा उभा राहतो. काम संपल्यावर तो आपोआप मोडला जातो.

पीपीटीपी आणि एलटूटीपी

वरील पद्धती दोन कार्यालये जोडण्यासाठी आहेत. प्रवासात असलेल्या एकट्या कर्मचाऱ्याला कार्यालयाच्या जाळ्यात आणण्यासाठी डायल-अपच्या काळात पीपीपी या प्रोटोकॉलची चौकट बोगद्यातून नेण्याची कल्पना पुढे आली. मायक्रोसॉफ्टने इतर कंपन्यांसह विकसित केलेला पीपीटीपी १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० सोबत आला. मांडणीस सोपा असल्यामुळे तो घरगुती राउटरांपर्यंत पोहोचला. १९९८ मध्ये ब्रूस श्नायर व मज यांनी मायक्रोसॉफ्टच्या अंमलबजावणीतील गंभीर उणिवा दाखवल्या. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक व डेव्हिड हल्टन यांनी सुधारित आवृत्तीतील परवलीच्या शब्दाची पडताळणीही अखेर एकाच ५६ बिटी किल्लीचा शोध घेण्याएवढी सोपी असल्याचे सिद्ध केले. योग्य यंत्रावर हा शोध एका दिवसाच्या आत पुरा होत असे. ॲपलने २०१६ मध्ये आपल्या प्रणालींतून पीपीटीपी काढून टाकला. तरीही अनेक राउटरांच्या मांडणी-पृष्ठावर तो पर्याय आजही दिसतो. तो निवडू नये.

एलटूटीपी हा पीपीटीपी आणि सिस्कोचा एलटूएफ यांच्या मिलाफातून १९९९ मध्ये तयार झाला. तो स्वतः काहीही कूटबद्ध करत नाही. म्हणूनच तो सहसा आयपीसेकच्या जोडीने येतो. त्याची २००५ मधील तिसरी आवृत्ती इथरनेटच्या चौकटीही वाहून नेऊ शकते व ती सेवादात्यांच्या जाळ्यांत वापरली जाते.

सेवादात्याचे व्हीपीएन : एमपीएलएस

आतापर्यंतच्या सर्व पद्धतींत बोगद्याची दोन्ही टोके ग्राहकाच्या राउटरावर असतात. एमपीएलएस व्हीपीएनमध्ये ती सेवादात्याच्या राउटरावर असतात आणि ग्राहकाला बोगदा दिसतही नाही. या पद्धतीचे मूळ वर्णन एरिक रोझेन व याकोव्ह रेख्टर यांच्या मार्च १९९९ मधील आरएफसी २५४७ मध्ये असून तिचे प्रमाणित रूप २००६ च्या आरएफसी ४३६४ मध्ये आहे.

सेवादात्याच्या सीमेवरील राउटर प्रत्येक ग्राहकासाठी व्हीआरएफ नावाची स्वतंत्र मार्गसारणी ठेवतो. दोन ग्राहकांनी १०.१.०.० हीच मालिका वापरली असली तरी त्यांच्या सारण्या वेगळ्या असल्याने गोंधळ होत नाही. हे मार्ग बीजीपी या प्रोटोकॉलने इतर सीमा-राउटरांना कळवताना प्रत्येक पत्त्यापुढे ८ बाइटांचे एक भेददर्शक चिन्ह जोडले जाते. कोणता मार्ग कोणत्या व्हीआरएफमध्ये घ्यायचा, हे रूट टार्गेट नावाच्या वेगळ्या खुणेने ठरते. पॅकेटवर दोन लेबले चढतात : बाहेरचे लेबल ते सेवादात्याच्या जाळ्यातून योग्य सीमा-राउटरापर्यंत नेते आणि आतले लेबल ते कोणत्या ग्राहकाचे आहे हे सांगते. मधल्या राउटरांना ग्राहकांच्या पत्त्यांविषयी काहीच ठाऊक नसते. या पद्धतीचा विस्तार सहज होऊ शकला तो त्यामुळेच.

सेवादाता वेग व विलंब यांविषयी करार करतो आणि मांडणीची जबाबदारी स्वतः घेतो. बँका, विमा कंपन्या व शासकीय जाळी यांना ही पद्धत सोयीची वाटण्याचे ते मुख्य कारण आहे. पण येथे ‘खासगी’ या शब्दाचा केवळ पहिला अर्थ लागू होतो. लेबल म्हणजे कुलूप नव्हे. मजकूर सेवादात्याच्या तारांवरून उघडाच जातो. एका तंत्रज्ञाने चुकीचे रूट टार्गेट लिहिले, तर दोन ग्राहकांची जाळी परस्परांत मिसळू शकतात. म्हणून संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या संस्था एमपीएलएसवरूनही आयपीसेक चालवतात.

हा भेद पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे वॉशिंग्टन पोस्टने असे वृत्त दिले की, अमेरिका व ब्रिटन यांच्या गुप्तहेर यंत्रणा गूगल आणि याहू यांच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या वाहिन्यांतून माहिती काढून घेत होत्या. त्या वाहिन्या एमपीएलएस व्हीपीएन नव्हत्या, परंतु कंपन्यांचा विश्वास नेमका त्याच गृहीतकावर होता : मार्ग खासगी आहे, तेव्हा आतील मजकूर झाकण्याची निकड नाही. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी आपल्या अंतर्गत वाहतुकीचेही कूटबद्धीकरण वेगाने पूर्ण केले.

ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड

जेम्स योनन यांनी २००१ मध्ये ओपनव्हीपीएनची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. संकेतस्थळांच्या सुरक्षिततेसाठी वापरला जाणारा टीएलएस हाच प्रोटोकॉल किल्ली ठरवण्यासाठी वापरायचा, ही तिची मध्यवर्ती कल्पना होय. ती प्रणालीच्या गाभ्याबाहेर, साध्या प्रोग्रॅमप्रमाणे चालत असल्याने जवळजवळ कोणत्याही राउटरावर बसवता आली. ११९४ हे यूडीपी पोर्ट तिच्यासाठी नोंदलेले आहे. टीसीपीवरूनही ती चालते. टीसीपीचा पर्याय मात्र अडचणीचा ठरतो. आतील व बाहेरील अशा दोन्ही टीसीपी जोडण्या हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवण्याचा स्वतंत्रपणे प्रयत्न करतात आणि खराब जाळ्यावर पुनर्प्रेषणाचा ढीग साचून वेग कोसळतो. यूडीपी अडवणारी भिंत असेल तेव्हाच तो वापरावा.

वायरगार्ड ही जेसन डोनेनफेल्ड यांची निर्मिती. तिचे सविस्तर वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २९ मार्च २०२० रोजी, भारतात टाळेबंदी सुरू झाल्यानंतर चारच दिवसांनी, ती लिनक्स गाभ्याच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झाली. आयपीसेकमध्ये दोन्ही टोकांनी कोणती कूटपद्धती वापरायची याची वाटाघाट करावी लागते. बहुतेक बिघाड या वाटाघाटीतच होतात. वायरगार्डने ती काढूनच टाकली. कूटबद्धीकरणासाठी चाचा२०, पडताळणीसाठी पॉली१३०५ आणि किल्लीसाठी कर्व्ह२५५१९ हा संच निश्चित आहे. लिनक्ससाठीची मूळ अंमलबजावणी चार हजार ओळींहून कमी असल्याने एका व्यक्तीलाही ती तपासणे शक्य होते. प्रत्येक टोकाची सार्वजनिक किल्ली आणि तिच्याकडून येऊ शकणारे आयपी पत्ते एवढीच मांडणी करावी लागते. ओळख न पटलेल्या पॅकेटला ती उत्तरच देत नाही. एईएससाठी वेगळे यंत्रांग नसलेल्या स्वस्त घरगुती राउटरांवर चाचा२० तुलनेने जलद चालतो, हाही तिच्या प्रसाराला हातभार लावणारा भाग आहे.

डेटा सेंटरांतील व्हीएक्सलॅन हे आणखी एक टनेलिंग तंत्र असून २०१४ च्या आरएफसी ७३४८ मध्ये त्याचे वर्णन आहे. साध्या व्हीलॅनच्या १२ बिटी क्रमांकात सुमारे चार हजार विभाग मावतात. व्हीएक्सलॅनच्या २४ बिटी क्रमांकात १ कोटी ६७ लाखांहून अधिक. कूटबद्धीकरण त्यातही नाही.

पॅकेटचा आकार

इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा सामान्यतः १,५०० बाइट असते. तिला एमटीयू म्हणतात. प्रत्येक वेष्टन त्यातील काही जागा घेते : जीआरई बाहेरील हेडरसह २४ बाइट, वायरगार्ड आयपीच्या चौथ्या आवृत्तीवरून ६० बाइट, व्हीएक्सलॅन ५० बाइट. म्हणजे जीआरईच्या बोगद्यात मूळ पॅकेटला १,४७६ बाइटच उरतात. ब्रॉडबँड जोडणी पीपीपीओई पद्धतीची असेल तर मुळातच ८ बाइट कमी होऊन ही मर्यादा १,४६८ वर येते. आयपीसेकचे वेष्टन निवडलेल्या कूटपद्धतीनुसार बदलते. म्हणून जीआरई व आयपीसेक यांच्या जोडासाठी एमटीयू १,४०० ठेवण्याची प्रथा आहे.

पॅकेट मर्यादेपेक्षा मोठे निघाले आणि त्याचे तुकडे करण्यास मनाई असेल, तर राउटर ते टाकून देतो व पाठवणाऱ्याला आयसीएमपी संदेशाद्वारे ‘लहान पॅकेट पाठवा’ असे कळवतो. अनेक ठिकाणी सुरक्षेच्या अपसमजातून सर्वच आयसीएमपी संदेश अडवलेले असतात. मग पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि मोठी पॅकेटे निमूटपणे नाहीशी होत राहतात. याची लक्षणे चमत्कारिक असतात : पिंग व्यवस्थित चालतो, परवलीचा शब्द स्वीकारला जातो, छोटी पृष्ठे उघडतात, पण मोठी फाइल किंवा अहवाल मागितला की पडदा तसाच थिजून राहतो. बोगदा चालू आहे, तरी काम होत नाही, अशी तक्रार आल्यास प्रथम एमटीयू तपासावा. यावर रूढ उपाय म्हणजे टीसीपी जोडणी सुरू होतानाच राउटरने तिच्यातील कमाल खंडाचा आकार, म्हणजे एमएसएस, कमी करून लिहिणे. तो एमटीयूपेक्षा ४० बाइटांनी कमी ठेवतात. १,४०० साठी १,३६०.

मार्गनिवड आणि गळती

बोगदा कितीही मजबूत असला तरी पॅकेट त्यात शिरावे की नाही, हे मार्गसारणीच ठरवते. राउटर नेहमी सर्वांत नेमका मार्ग निवडतो. संपूर्ण इंटरनेटची वाहतूक बोगद्यात वळवण्यासाठी ओपनव्हीपीएन याच नियमाचा उपयोग करते : मूळ सर्वसाधारण मार्ग न हटवता ती पत्त्यांच्या अर्ध्या-अर्ध्या भागांसाठी दोन मार्ग जोडते, आणि ते अधिक नेमके असल्याने प्रभावी ठरतात. हाच नियम उलटही वापरता येतो. मे २०२४ मध्ये टनेलव्हिजन या नावाने वर्णन झालेल्या हल्ल्यात स्थानिक जाळ्यातील शत्रू आपला डीएचसीपी सर्व्हर उभारून त्याच्या १२१ क्रमांकाच्या पर्यायाद्वारे पीडिताच्या संगणकाला आणखी नेमके मार्ग पुरवतो. वाहतूक बोगद्याबाहेरून जाऊ लागते. व्हीपीएन मात्र ‘जोडलेले’ असेच दाखवत राहते. कूटपद्धती मोडण्याची गरजच पडत नाही.

भारतातील नियमन

सेवादात्याचे व्हीपीएन आणि वापरकर्त्याने स्वतः उभारलेले व्हीपीएन हा भेद भारतात कायदेशीर परिणाम घडवणारा ठरला आहे. कॉल सेंटर व बीपीओ कंपन्यांना लागू असलेल्या दूरसंचार विभागाच्या अटींनुसार घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला कार्यालयाशी जोडण्यासाठी अधिकृत सेवादात्याने पुरवलेले व्हीपीएन आवश्यक होते. १३ मार्च २०२० रोजी कोविड-१९ च्या पार्श्वभूमीवर विभागाने ही अट तात्पुरती शिथिल करून स्थिर आयपी पत्त्यासह कंपन्यांनी स्वतः उभारलेले सुरक्षित व्हीपीएन वापरण्यास मुभा दिली.

कूटबद्धीकरणाबाबतचे नियमही फारसे सुसंगत नव्हते. इंटरनेट सेवादात्यांच्या जुन्या परवान्यांनुसार पूर्वपरवानगीविना ४० बिटांपर्यंतच्या किल्लीलाच मुभा होती, तर रिझर्व्ह बँकेच्या २००१ मधील इंटरनेट बँकिंगविषयक मार्गदर्शक तत्त्वांत किमान १२८ बिटी एसएसएलची अपेक्षा होती.

२८ एप्रिल २०२२ रोजी सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये दिलेल्या निर्देशांत व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची पडताळलेली नावे, पत्ते, संपर्क क्रमांक, त्यांना दिलेले आयपी पत्ते व सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद किमान ५ वर्षे जपावी, असे बंधन घातले. संस्थांच्या अंतर्गत वापराच्या व्हीपीएनला हे बंधन लागू नाही, असे नंतर स्पष्ट करण्यात आले. नोंदी न ठेवणे हाच ज्यांच्या सेवेचा गाभा होता, अशा एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क व नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. एक्स्प्रेसव्हीपीएनने त्यानंतर भारतीय आयपी पत्ते देणारे सर्व्हर सिंगापूर व ब्रिटनमधून चालवले.

अशा व्यावसायिक सेवेत बोगद्याचे दुसरे टोक कंपनीच्या सर्व्हरवर संपते. तेथून पुढे पॅकेट नेहमीच्या इंटरनेटवर, बोगद्याच्या वेष्टनाविना जाते. स्थानिक सेवादात्याला जे दिसत होते, त्यातील बरेचसे आता त्या कंपनीला दिसू शकते. घरच्या राउटरावर अशी सेवा बसवल्यास दूरचित्रवाणी संचापासून पाहुण्यांच्या मोबाइलपर्यंत घरातील प्रत्येक उपकरणाची वाहतूक त्याच टोकातून बाहेर पडते. बँकेच्या पुणे व कोल्हापूर येथील राउटरांत मात्र दोन्ही टोके एकाच मालकाच्या ताब्यात असतात.